सर्टसी बेटावर कुरवांनी माती कशी घडवली, हे बेसॉल्टच्या चुऱ्यात दाखवायचं आहे (शाळेचा प्रकल्प, ऐरोली)

भरती_ओहोटी, ऐरोली

शाळेच्या निसर्ग मंडळाची आठवी-नववीची मुलं डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनात सर्टसी बेटावर प्रकल्प मांडणार आहेत. आइसलँडच्या दक्षिणेला १९६३ मध्ये समुद्रातून वर आलेलं हे ज्वालामुखी बेट. तिथे वस्ती नाही, आणि सुरुवातीला काळी राख आणि दगड सोडून काहीच नव्हतं. समुद्रपक्षी आले आणि त्यांच्या विष्ठेमुळे हिरवळ वाढली, एवढं तक्त्यावर लिहिता येईल. पण मुलांनी ते कुंडीत घडताना पाहावं अशी इच्छा आहे. आपल्याकडचा दगडही बेसॉल्टच, म्हणून खडीच्या चुऱ्यात बी पेरून एका कुंडीला विष्ठा घालायची आणि दुसरीला नाही, अशी साधी कल्पना आहे.

जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेकडची गॅलरी, ग्रिल लावलेली, सकाळी चारेक तास ऊन येतं. हाताशी दहा-अकरा आठवडे आहेत. खर्च दीड हजाराच्या आत बसायला हवा.

चुरा नेमका कुठला घ्यावा? गच्चीवर कबुतरांची विष्ठा हवी तेवढी आहे, ती चालेल का, आणि किती घालावी? बी म्हणून मेथी किंवा मूग धरले आहेत, कारण लवकर उगवतात. शिवाय तक्त्यावर ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचं उदाहरण जोडावं का, हेही सांगा.

कातळ, ठाणे पश्चिम

प्रयोग करण्यासारखा आहे, पण मांडणी थोडी बदला. विष्ठा म्हणजे खत, हे आठवीच्या मुलांना आधीच माहीत असतं. सर्टसीवर शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: पक्षी घरटी करू लागले तरी पुढची पंधरा वर्षं बेट जवळजवळ उघडंच राहिलं. कोणत्या पक्ष्याने कुठे घरटं केलं, यावर सगळं ठरलं.

क्रम असा आहे. सुमारे १३० मीटर खोल समुद्रतळावर उद्रेक सुरू झाला आणि १४ नोव्हेंबर १९६३ ला तो पाण्यावर दिसला. सुरुवातीला नुसती राख उडत होती. एप्रिल १९६४ पासून लाव्हा वाहू लागला, त्याचा कठीण थर सैल राखेवर चढला, म्हणून बेट टिकलं. त्याच काळात शेजारी वर आलेली छोटी बेटं लाव्ह्याचं कवच न मिळाल्याने लाटांनी धुऊन नेली. उद्रेक ५ जून १९६७ ला थांबला. तेव्हा क्षेत्रफळ साधारण २.६५ चौरस किलोमीटर होतं, आज त्याच्या निम्म्याच्या आसपास उरलं आहे.

पहिलं फुलझाड, समुद्रकाठचं सी रॉकेट, १९६५ मध्येच उगवलं आणि राखेखाली गाडलं गेलं. पहिल्या वीस वर्षांत वीसेक जातींच्या वनस्पती तिथे कधी ना कधी दिसल्या, त्यातल्या दहाच टिकल्या. आता पक्ष्यांकडे पाहा. फुल्मर आणि ब्लॅक गिलेमॉट यांनी १९७० मध्ये पहिली घरटी केली, १९७५ च्या सुमारास किटिवेक आले. हे मुख्यतः कड्यांवर राहणारे पक्षी. त्यांची बरीचशी विष्ठा कड्यावरून सरळ समुद्रात जाते. १९८५-८६ पासून काळ्या पाठीच्या कुरवांनी (सीगल) दक्षिणेकडच्या सपाट लाव्ह्यावर वसाहत केली आणि चित्र बदललं. ते जमिनीवर घरटं करतात, मासे समुद्रातून आणतात आणि विष्ठा, पिसं, सांडलेलं अन्न, मेलेली पिल्लं हे सगळं लाव्ह्याच्या खाचाखोचांत राहतं. २००८ पर्यंत नोंदल्या गेलेल्या वनस्पतींची संख्या ६९ वर गेली, त्यातल्या तीसेक स्थिरावल्या. पफिन तर २००४ मध्ये आले, कारण त्यांना बीळ खणायला माती लागते.

म्हणून तक्त्याचा मथळा "विष्ठेमुळे झाडं" असा नको. समुद्रातलं नत्र जमिनीवर कसं चढलं, हा तुमचा विषय आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असतं, थोडं पालाश आणि स्फुरदही असतं. नत्र मात्र जवळजवळ नाहीच. लाव्हा कितीही झिजला तरी त्यातून नत्र निघत नाही. ते हवेतून, पावसातून किंवा पक्ष्यांच्या पोटातूनच यावं लागतं.

आता चुऱ्याबद्दल. बांधकाम साहित्याच्या दुकानात दोन गोष्टी मागा: क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि ६ एमएम ग्रिट (बारीक खडी). ठाणे-नवी मुंबईत मिळणारा हा माल बहुतेक बेसॉल्टचाच असतो. फोडलेल्या तुकड्याचा आतला भाग काळा-करडा दिसला पाहिजे. दोन भाग क्रश सँड, एक भाग ग्रिट. नुसतं ग्रिट घेतलं तर पाणी क्षणात खाली जातं आणि उन्हात बी करपतं. नुसती क्रश सँड घेतली तर तिच्यातली पिठासारखी भुकटी पाण्याने बसते, वर पापुद्रा धरतो आणि नाचणीसारखं बारीक बी तो फोडू शकत नाही. ही भुकटी घालवायला बादलीत चुरा घेऊन हाताने ढवळायचं, गढूळ पाणी ओतून टाकायचं आणि पाणी निवळ येईपर्यंत हे करायचं, चार-पाच वेळा तरी. ते पाणी गॅलरीच्या नळीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. भुकटी पाइपात बसली की सिमेंटसारखी घट्ट होते. बागेत ओता.

खाडीची रेती नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. बांधकामावर उरलेला माल फुकट मिळाला तरी नको, कारण सिमेंट मिसळलेलं असतं आणि त्याच्या अल्कतेने रोपं मरतात. तपासणी सोपी आहे: धुतलेल्या चुऱ्यावरचं पाणी हळदीच्या कागदावर टाका. कागद गडद लाल झाला तर माल परत करा. व्हिनेगर टाकून बुडबुडे पाहण्याची चाचणी इथे फसवते. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेले असतात, त्यात कॅल्साइट असलं तर शुद्ध दगडही थोडा फसफसतो.

एक फरक तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहा. सर्टसीची राख काचेसारखी आहे, कारण लाव्हा समुद्राच्या पाण्यात झटकन थंड झाला. आपला दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, सावकाश थिजलेला, स्फटिकांचा. काच लवकर झिजते, स्फटिक उशिरा. म्हणजे तुमच्या कुंडीत दगडातून सुटणारी खनिजं सर्टसीपेक्षा कमी वेगाने मिळतील. दुसरीकडे आपल्याकडची ऊब आइसलँडपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे जिवाणू आणि रोपं दोन्ही जोरात चालतील.

पिसारा, कोपरी

कबुतरांची विष्ठा अजिबात नको, आणि मुलांच्या हातात तर मुळीच नको. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली की फुफ्फुसांना ॲलर्जीची सूज येऊ शकते. तिच्यात क्रिप्टोकॉकससारख्या बुरशा आणि सिटाकोसिसचे जंतूही असू शकतात. गच्चीवरचा थर खरवडणं हाच त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग. ती जागा साफ करायचीच असेल तर मोठ्या माणसाने मास्क आणि हातमोजे घालून, आधी पाणी मारून ओली करून करावी. कोरडा झाडू फिरवू नये.

शिवाय कबूतर प्रयोगाच्या अर्थातच बसत नाही. ते सोसायटीतलं धान्य खातं आणि सोसायटीतच टाकतं. समुद्रातून काहीच येत नाही.

फ्लेमिंगोंचंही तेच. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, त्यामुळे मुलांना ते जवळचं वाटणारच. पण फ्लेमिंगो इथे घरटी करत नाहीत. खाडीच्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात आणि त्याच चिखलात विष्ठा टाकतात. नत्र जिथलं तिथेच फिरतं. त्यातून खाडीच्या चिखलात नत्राची कमतरता मुळातच नाही, शहराचं सांडपाणी तिथे येतं. सर्टसीचं उलट आहे: उपाशी जमीन, शेजारी अन्नाने भरलेला समुद्र, आणि मधे ये-जा करणारा पक्षी. फ्लेमिंगोंचा फोटो लावलात तर "इथे असं का होत नाही" या शीर्षकाखाली लावा. मुलांना तो भेद समजला तर निम्मा प्रकल्प समजला.

जवळचं जुळणारं उदाहरण हवं असेल तर वेंगुर्ल्यासमोरचे वेंगुर्ला रॉक्स घ्या. ते ज्वालामुखी बेट नव्हे, पण तिथे सुरय (टर्न) हे समुद्रपक्षी घरटी करतात, म्हणजे समुद्रातून जमिनीकडे वाहतूक तीच. आणि सर्टसीशी नातं सांगणारा एक पक्षी तर हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर इतर कुरवांत मिसळलेला मोठा, गडद पाठीचा ह्यूग्लिन्स गल हा काळ्या पाठीच्या कुरवाचाच उत्तरेकडचा उपप्रकार मानला जातो. डिसेंबरात प्रदर्शन आहे, तेव्हा मुलांना तो प्रत्यक्ष दाखवता येईल.

पक्षी फक्त खतच आणत नाहीत, बीही आणतात. सर्टसीवर पोचलेल्या वनस्पतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश पक्ष्यांबरोबर आल्या असं मानतात, बाकीच्या वाऱ्याने आणि समुद्राने. तक्त्यात याला वेगळा कोपरा द्या, पण कुंडीच्या प्रयोगात ते आणू नका. एका प्रयोगात एकच प्रश्न.

नत्र_स्फुरद, पनवेल

विष्ठेच्या जागी काय आणि किती, ते लिहितो. आकडा बेटावरूनच घेऊ.

सर्टसीवर कुरवांच्या वसाहतीत जमिनीत साठत गेलेलं नत्र वर्षाला हेक्टरी चाळीस-पन्नास किलोंच्या घरात आहे, साधारण ४७ धरा. वसाहतीबाहेरच्या वाळूत ते एक किलोच्याही आत, ०.७ च्या आसपास. आपल्याकडे भाताच्या सुधारित वाणांना हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते. म्हणजे कुरव त्या लाव्ह्याला दरवर्षी भाताच्या निम्मी मात्रा देत आले. हे वाक्य तक्त्यावर मोठ्या अक्षरात घ्या, शेतीशी संबंध असलेला कुठलाही पालक तिथे थांबेल.

कुंडी सहा इंची घ्या, तोंडाचा व्यास १५ सेंटीमीटर. क्षेत्रफळ ०.०१७७ चौरस मीटर. हेक्टरी ४७ किलो म्हणजे चौरस मीटरला ४.७ ग्रॅम, म्हणजे कुंडीला ०.०८३ ग्रॅम नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून युरिया ०.१८ ग्रॅम. एवढं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून द्रावण करा: १.८ ग्रॅम युरिया एक लिटर पाण्यात. या द्रावणाचे १०० मिलिलिटर म्हणजे कुंडीला वसाहतीची वर्षाची मात्रा. वसाहतीबाहेरची मात्रा याच द्रावणाचे फक्त १.५ मिलिलिटर येते. १.५ मिलिलिटर भरलेली सिरिंज आणि शेजारी १०० मिलिलिटरची बाटली प्रदर्शनात मांडा. समजवायला दुसरं काही लागणार नाही. १.८ ग्रॅम मोजायला सोनाराच्या दुकानात विनंती करा, किंवा १८ ग्रॅमचं एक लिटर करून त्यातले १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटरभर करा.

कुंड्यांचे तीन गट करा, प्रत्येकी पाच. पहिला "वसाहतीबाहेर", त्याला १.५ मिलिलिटर. दुसरा "फक्त नत्र", त्याला युरियाचे १०० मिलिलिटर. तिसरा "वसाहत", त्याला चांगलं कुजून वाळलेलं कोंबडी खत. त्यात तीनेक टक्के नत्र धरलं तर कुंडीला ३ ग्रॅम. कोंबडीही पक्षीच, तिचंही नत्र मुख्यतः युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर पडतं आणि सोबत स्फुरद, पालाश येतं. कुरवाच्या विष्ठेला इतकं जवळचं आणि दुकानात मिळणारं दुसरं काही नाही. पाकीटबंद, वास न येणारं खत मागा. कच्चं खत घातलं तर अमोनियाने कोवळी मुळं करपतील आणि गॅलरीत माश्या होतील.

जास्त घालायचा मोह आवरा. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोरड्या बेटांवर ग्वानोचे (समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे) प्रचंड थर साचले, कारण पाऊस नाही, आणि त्या थरांवर काही उगवत नव्हतं. आपल्याकडेही बगळ्यांच्या वसाहतीखालची पानं पांढरी होऊन करपलेली दिसतात. सर्टसीवर पाऊस भरपूर, तो जास्तीचं धुऊन नेतो, म्हणून तिथे गवत टिकतं.

मेथी आणि मूग सोडून द्या. दोन्ही द्विदल आहेत, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात, आणि तुमची तुलनाच उरत नाही. शिवाय मुगाचं बी मोठं, त्यातल्या साठ्यावर रोप दोन-तीन आठवडे सुखात वाढतं आणि मुलांना वाटतं की दगडात सगळं आहे. नाचणी घ्या. बी बारीक, साठा थोडा, आणि जात गवताची. सर्टसीच्या वसाहतीतही गवतंच माजली आहेत. किराणा दुकानातली अख्खी नाचणी उगवते, पण आधी वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून बघा. पंधरापेक्षा कमी मोड आले तर बियाण्याच्या दुकानातून आणा.

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे विसरतात ती गोष्ट: धुतलेल्या चुऱ्यात जिवाणू फार थोडे असतात. युरिया असो की कोंबडी खत, त्याचं रोपाला घेता येईल असं रूप जिवाणूच करतात. ते नसले तर युरिया तसाच पाण्याबरोबर वाहून जातो आणि तीन आठवड्यांनी तिन्ही गट सारखेच पिवळे दिसतात. म्हणून झाडाखालची १० ग्रॅम माती एक लिटर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि प्रत्येक कुंडीला २० मिलिलिटर द्या. पंधराही कुंड्यांना सारखं. एकाही गटाला वगळलंत तर निकाल मातीचा की खताचा, हे सांगता येणार नाही.

आता कामाचा क्रम. कुंडीत साधारण अडीच किलो चुरा बसतो, पंधरा कुंड्यांना ३८ किलो. धुताना जाणारा धरून ५० किलो आणा, तिसऱ्या मजल्यासाठी दोन गोण्यांत. कुंडीच्या भोकावर जाळीचा तुकडा, खाली बशी. जिवाणूंचं पाणी आणि तिसऱ्या गटाचं खत पेरणीच्या आठवडाभर आधी द्या. खत वरच्या इंचभर चुऱ्यात मिसळा, नुसतं पसरून ठेवलं तर बरंच नत्र अमोनिया होऊन उडतं. मग कुंडीला १५ दाणे, अर्धा सेंटीमीटर खोल, वर ओलं फडकं दोन-तीन दिवस. मोड दिसताच फडकं काढा, एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात. बाराव्या दिवशी विरळणी करून कुंडीत पाच रोपं ठेवा आणि त्याच दिवसापासून युरिया सुरू करा: २५ मिलिलिटर, दर दहा दिवसांनी, चार वेळा. त्या वेळी बाकीच्या दोन गटांना २५ मिलिलिटर साधं पाणी. पहिल्या गटाचे १.५ मिलिलिटर पहिल्याच वेळी द्या.

पाणी रोज सकाळी ८०-१०० मिलिलिटर. बशीत उतरलेलं पाणी त्याच कुंडीत परत ओता, फेकू नका, विरघळलेलं नत्र त्यात असतं. बशा अदलाबदल झाल्या तर प्रयोग संपला, म्हणून कुंडी आणि बशी दोन्हीवर रंगाने क्रमांक घाला.

भरती_ओहोटी, ऐरोली

खूप उपयोगी. कबुतरं आणि मेथी दोन्ही रद्द. तीन शंका उरल्या. परतीच्या पावसात गॅलरीत पाणी शिरतं, त्याने फरक पडेल का? ग्रिलजवळ आणि भिंतीजवळ ऊन सारखं नाही. आणि बेटाची प्रतिकृती थर्माकोलची करणार होतो, त्यावर शिक्षकांनी हरकत घेतली आहे.

नत्र_स्फुरद, पनवेल

पावसाने फरक पडतो, दोन प्रकारे. एक तर धो-धो पाण्याने खत धुपतं. दुसरं, शहरातल्या पावसात वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातलं थोडं नत्र असतंच, ते पहिल्या गटाला फुकट मिळतं. सर्टसीच्या उघड्या वाळूलाही जे थोडंफार नत्र मिळतं ते मुख्यतः पावसातूनच. कुंड्या भिंतीकडे सरकवा आणि पावसाच्या दिवशी बाहेरून प्लास्टिकचा पडदा सोडा, बाजू मोकळ्या ठेवून. पूर्ण झाकलं तर आत दमटपणा साचून रोपांच्या बुडाला बुरशी येते.

उन्हाचा फरक सुटणार नाही, तो वाटून घ्यायचा. गटागटाने ओळी लावू नका. तिन्ही गटांच्या कुंड्या मिसळून ठेवा आणि दर रविवारी जागा बदला, चिठ्ठ्या टाकून. मुलांना हे काम आवडतं आणि प्रयोगाला ते फार गरजेचं आहे. मच्छरदाणीचं कापड ग्रिलला आतून लावा, नाहीतर पेरलेली नाचणी चिमण्या आणि कबुतरं दोन दिवसांत वेचतील.

काय दिसेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे मुलं घाबरणार नाहीत. पहिले दहा-बारा दिवस काहीच फरक नसतो, बियातला साठा चालू असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिल्या गटाची खालची पानं टोकाकडून पिवळी पडू लागतात, मधली शीर आधी. रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं, म्हणून सुरुवात खालून होते. दुसरा गट गडद हिरवा होईल, पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्याची वाढ अडली आणि पानांच्या कडा जांभळट झाल्या तर ती स्फुरदाची कमतरता समजा. याला अपयश समजून डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) घालू नका. फक्त नत्र पुरत नाही, पक्ष्याच्या विष्ठेत त्याहून जास्त काही असतं, हे त्याच कुंड्या सांगतात. तिसरा गट सुरुवातीला दुसऱ्याच्या मागे राहील, कारण युरिक ॲसिड फुटायला वेळ लागतो, आणि सहसा शेवटी पुढे जाईल. तिन्ही गट सारखेच हिरवे राहिले तर बहुधा चुरा नीट धुतला गेला नाही किंवा त्यात माती होती.

कातळ, ठाणे पश्चिम

प्रतिकृतीसाठी शिक्षकांचं म्हणणं बरोबर आहे, थर्माकोल टाळा. पाच थरांच्या खोक्याचा पुठ्ठा वापरा, तो साधारण ५ मिलिमीटर जाड असतो. प्रमाण १:२५०० घ्या. मग एक थर म्हणजे साडेबारा मीटर उंची, आणि बेटाची सर्वोच्च जागा १५५ मीटर असल्याने तेरा थर पुरतात. सव्वा-दीड किलोमीटरचं बेट ५०-६० सेंटीमीटरमध्ये बसतं, तीन फुटी प्लायवर आरामात. उंची वाढवून दाखवू नका. खरं प्रमाण ठेवलं की लाटा याला किती सहज खातात हे आपोआप कळतं.

आकार साधारण असा: मध्यभागी दोन अर्धचंद्राकृती टेकड्या, त्या राखेच्या टफच्या. उद्रेकानंतर आतल्या उष्णतेने आणि वाफेने राख घट्ट दगड बनली, म्हणून हा गाभा लाव्ह्याहूनही जास्त काळ टिकेल असं मानतात. दक्षिणेला उतरता लाव्ह्याचा पठारी भाग. उत्तरेला लाटांनी वाहून आणलेल्या वाळू-गोट्यांचं टोक. कुरवांची वसाहत दक्षिणेच्या लाव्ह्यावर दाखवा, उत्तरेच्या टोकावर नाही. हिरवा रंगही तेवढ्याच भागात दाट द्या. सगळं बेट हिरवं रंगवलंत तर मूळ मुद्दाच पुसला जाईल. बाकीच्या वाळूवर समुद्री सँडवर्टचे सुटे सुटे ठिपके पुरेत, ती वनस्पती नत्र कमी असलं तरी खोल मुळांवर तग धरते. १९६७ ची मोठी किनाररेषा प्लायवर तुटक रेषेने काढा. निम्मं बेट गेलं म्हणजे काय, ते एका नजरेत दिसेल.

पिसारा, कोपरी

तक्त्यात एक चौकट बेटावरच्या शिस्तीची हवी. सर्टसी २००८ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, पण तिथे पर्यटक उतरू शकत नाहीत, परवानगी असलेले शास्त्रज्ञच जातात. कपडे, बूट, पिशव्या यांतून बी जाऊ नये म्हणून तपासणी होते. एकदा तिथे टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं. ते माणसाच्या विष्ठेतून आलं होतं आणि उपटून टाकावं लागलं. उंदीरही तिथे नाहीत, आणि ते फार मोलाचं आहे. जगातल्या कितीतरी बेटांवर जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी अंडी-पिल्लं खाऊन समुद्रपक्षी संपवले, आणि पक्ष्यांबरोबर जमिनीला मिळणारं नत्रही थांबलं.

मुलांना हाच नियम कुंड्यांना लावायला सांगा. दुसऱ्या कुंडीतली माती लागलेलं खुरपं इथे वापरायचं नाही. मधेच काही वेगळं उगवलं तर लगेच उपटायचं नाही. फोटो काढायचा, तारीख लिहायची, मग उपटायचं. सर्टसीवरही प्रत्येक नव्या रोपाची नोंद अशीच होते.

आइसलँडच्या ऋतूचाही उल्लेख करा. काळ्या पाठीचा कुरव स्थलांतर करणारा आहे, बेटावर तो उन्हाळ्यातच असतो आणि गवतही तेव्हाच वाढतं. खत आणि भूक एकाच वेळी येतात, म्हणून फार कमी वाया जातं. वाढीच्या दिवसांतच चार हप्त्यांत युरिया द्यायला वर सांगितलं आहे, त्यामागेही तेच कारण आहे.

भरती_ओहोटी, ऐरोली

शेवटचं: निकाल मोजायचा कसा? नुसती उंची पुरेल का?

नत्र_स्फुरद, पनवेल

उंची पुरत नाही. ऊन कमी मिळालेलं रोप उंच आणि फिकट असतं, त्याने गफलत होते. दर रविवारी तीन गोष्टी लिहा: सर्वांत उंच रोपाची उंची, कुंडीतल्या पाचही रोपांची मिळून हिरवी पानं, आणि फुटव्यांची संख्या. फोटो नेहमी सकाळी त्याच वेळी, मागे पांढरा कागद आणि बाजूला पट्टी ठेवून.

खरा निकाल शेवटी वजनात मिळेल. प्रत्येक गटाच्या दोन कुंड्या प्रदर्शनासाठी जिवंत ठेवा. उरलेल्या तीन कुंड्यांतली रोपं प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी काढा. चुरा सैल असल्याने कुंडी पाण्यात बुडवून उलटी केली की मुळं अख्खी निघतात. मुळं धुवा, रोपं कुंडीच्या क्रमांकाच्या कागदी पाकिटात घाला आणि चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा. रोज तोला, सलग दोन दिवस वजन तेच आलं की वाळली. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर बुरशी येईल. दशांश दोन स्थळांपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल, कारण पहिल्या गटाचं पूर्ण कुंडीचं वजन एका ग्रॅमच्या आतही येऊ शकतं. खोडपानं आणि मुळं वेगळी तोला. नत्र कमी असलेलं रोप पानांपेक्षा मुळांवर जास्त खर्च करतं, त्यामुळे पहिल्या गटात मुळांचा वाटा मोठा निघेल. वाळलेली मुळं काळ्या कागदावर चिकटवून वजनाच्या आकड्याशेजारी लावा.